आधी तो पेन खाली ठेव

रडणं पुरे. तो फुल अँड फायनलचा कागद इकडे दे. ‘माझे सर्व येणे मिळाले, आता काहीही बाकी नाही’ असं छापलंय यावर, आणि कमिशनच्या रकान्यात शून्य! रिलीव्हिंग लेटर अडवतील या भीतीनं उद्या जाऊन यावर सही करणार होतीस? १८७२चा करार कायदा मी तुझ्या वर्गाला शिकवलाय. कलम ६३ काय सांगतं? येणेकऱ्यानं कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली, तर उरलेली मागणी तिथेच संपू शकते. सही करावीच लागली, तर ‘कमिशनचा हक्क राखून’ असं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि त्याचा फोटो काढायचा.

वर मला व्हॉट्सअॅपवरचा मेसेज दाखवतेस, ‘राजीनाम्यानंतर दोन दिवसांत सगळे पैसे.’ अर्धवट वाचायची तुझी सवय अजून गेली नाही. २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. राजीनामा दिलेल्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करावं, हे तिच्यात आहे. पण वेतन कशाला म्हणायचं ती व्याख्या कोण वाचणार? कमिशन तिच्यातून वगळलंय. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या, तरच वरचा भाग वेतनात धरतात. तो हिशेब वकिलाकडून करून घे, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. तुझा खरा आधार तुझा करार.

आणि तो कुठे आहे? ऑफिसच्या मेलवर! जो आता बंद झालाय. अगं, ग्राहकांची यादी बाहेर आणू नये हे मलाही कळतं, पण स्वतःचं नेमणूकपत्र आणि इन्सेंटिव्हच्या योजनेची प्रत तरी घरी ठेवायची होतीस. मीटिंगमध्ये साहेब टक्केवारी जाहीर करतात, तुम्ही टाळ्या वाजवता, लिहून द्या म्हणायची एकाचीही छाती होत नाही.

फ्लॅट तू विकलेस. भर उन्हात साइट दाखवलीस, बुकिंगचे चेक आणलेस. आता एचआर म्हणतंय, करारनामे तू गेल्यावर झाले. मग योजनेत काय लिहिलंय ते दाखवा म्हणावं. कमिशन बुकिंगवर, नोंदणीवर, की ग्राहकाचे पैसे आल्यावर? ‘देण्याच्या तारखेला नोकरीत असेल त्यालाच’ असं कलम असेल आणि खाली तुझी सही असेल, तर तुझी बाजू लंगडी आहे. गोड बोलून मी ते लपवणार नाही. पण तसं कलमच नसेल, तर त्यांच्या तोंडी ‘पॉलिसी’पुढे मान कशाला तुकवायची? रेराखाली करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे नोंदणी करावीच लागते, आणि तिचा इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. कुठला फ्लॅट कुठल्या तारखेला नोंदला गेला, हे एचआरला विचारायची गरजच नाही.

फोनवर विनवण्या करणं आजपासून बंद. फ्लॅटवार यादी, बुकिंगची तारीख, ठरलेला दर, येणं रक्कम, सगळं एका पत्रात लिही. ईमेल कर आणि स्पीड पोस्टानंही पाठव. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते, ती ‘बघू, करू’ ऐकण्यात घालवू नकोस. वकिलाचे पैसे नाहीत म्हणतेस? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हा घे कागद. पहिला फ्लॅट कुठला? नंबर सांग, आणि लिहायला लाग.