शिकलेले राखायचे कोणी?



ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेली मुले आपल्यामध्ये आहेत. त्यांच्या आईवडिलांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : ‘सेंटरवर सगळे करतो, घरी काहीच करत नाही.’ थेरपीच्या खोलीत ताईंकडे ‘पाणी’ मागणारा मुलगा घरी आजीसमोर नुसता रडतो. मे महिन्याची सुट्टी संपेपर्यंत सेंटरवरचेही विसरतो. मग एवढी फी भरून काय मिळाले, असे आईवडिलांना वाटते. प्रश्न पैशाचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे. मुलाने कष्टाने शिकलेले राखण्याची जबाबदारी कोणाची?

मूल हट्टी आहे म्हणून असे होत नाही. स्वमग्न मुलाचे शिकणे पुष्कळदा त्या खोलीला, त्या ताईंना, त्या निळ्या पेल्यालाच चिकटून राहते. पेला बदलला की त्याच्यासाठी धडाच बदलतो. त्यात भाषेची भर : सेंटरवर हिंदी किंवा इंग्रजी, घरी आपली बोली!

अमेरिकेत इवार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. उपचार संपल्यावर ज्या मुलांना संस्थेत ठेवले गेले, त्यांनी मिळवलेले गमावले. ज्यांच्या आईवडिलांना शिकवण्याची पद्धत समजावून दिली होती, ती मुले पुढेच जात राहिली. (लोवास यांच्या सुरुवातीच्या उपचारांत मुलांना मारणे आणि विजेचे झटकेही होते. त्याचे समर्थन कोणीही करू नये.) चार वर्षांनी, १९७७ मध्ये, स्टोक्स आणि बेअर या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की एका ठिकाणी शिकवून दुसरीकडे ते आपोआप उतरेल अशी आशा धरणे पुरेसे नाही. अनेक माणसांबरोबर, अनेक ठिकाणी, खऱ्या गरजेच्या वेळी सराव व्हावा लागतो. बक्षिसाचे चॉकलेट हळूहळू कमी होऊन मागितलेली वस्तू मिळणे हेच बक्षीस व्हावे लागते.

म्हणजे एकट्या आईने हे पेलणे शक्य नाही. ती एकच व्यक्ती आहे आणि मुलाला माणसे अनेक हवीत. इथे आपण सगळे येतो. आणि आपण बहुधा प्रेमापोटीच आड येतो. आजी त्याने मागण्याआधीच पेला पुढे करते. बेकरीवाले काका त्याच्या हातातली नोट न घेता ‘असू दे, बाळा’ म्हणून पाव देतात. शेजारची मावशी त्याला विचारलेल्याचे उत्तर स्वतःच देते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण जे मागावेच लागत नाही, ते मागायचे कसे हे मूल कशाला लक्षात ठेवील? शाळेतली भूमितीची प्रमेये आपल्यापैकी किती जणांना आज सांगता येतील?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकवलेले सगळेच राखण्याच्या लायकीचे असते का? डोळ्यांत डोळे घालून बोल, हात हलवू नकोस, गप्प बस, हे धडे पुष्कळदा मुलापेक्षा आपल्या सोयीचे असतात. स्वमग्न असलेल्या अनेक प्रौढांनी लिहून ठेवले आहे की नजर भिडवण्याच्या सक्तीने त्यांचे ऐकण्याकडचे लक्षच उडत असे. भूक लागली, दुखते आहे, नको, शौचाला जायचे आहे, हे सांगता येणे वेगळे. ते शब्दांनी सांगो, खुणेने सांगो की चित्राच्या कार्डाने, ते आयुष्यभर लागणार आहे. विशेषतः ‘नको’. सगळ्यांचे सगळे मुकाट ऐकणारे मूल शहाणे दिसते, पण त्याला कोणी त्रास दिला तर ते काय करील? म्हणून काय राखायचे हे ठरवताना एवढेच विचारावे : उद्या आईबाबा जवळ नसतील तेव्हा हे त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडेल का?

मिस्सेनंतर आवारात असे कुटुंब भेटले तर आईला विचारा, ‘सध्या काय शिकतो आहे? आम्ही काय करू?’ शांतीचे चिन्ह देताना त्याने लांबूनच हात जोडले तर आपणही जोडावेत. गाल ओढू नये. आणि त्याला काही विचारले तर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. तेवढा वेळ आईनेही मध्ये बोलू नये.