पाहुण्यांना जेवायला कुठं न्यायचं?

हिंगणघाटला कापसाच्या सौद्यासाठी बाहेरगावचा व्यापारी येतो. दिवसभर बोलणं होतं, आणि संध्याकाळी यजमानाच्या पोटात गोळा येतो: यांना जेवायला न्यायचं कुठं? वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे ग्लास हाती देऊन बोलणं सैल करायची सोय कायद्यानंच बंद. मला विचाराल तर बरंच झालं. उरतं ते जेवण आणि बोलणं.

मग यजमान हमरस्त्यावरचं चकचकीत हॉटेल शोधतो. तिथं टीव्ही एवढा मोठ्यानं लावलेला, की भाव तीनदा ओरडून सांगावा लागतो. त्यापेक्षा गल्लीतली ती लहानशी खानावळ बरी. मालक ओळखीचा, कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवणारा. पाटवडीच्या रश्श्यावरची तर्री पाहुण्याला झेपेल का, हे मात्र आधी विचारून घ्यावं. मागे एकदा मी विचारलं नव्हतं. पाहुणे जेवणभर नाक पुसत होते; सौद्याचं नावही निघालं नाही.

बोलणं रंगायला चकचकीत जागा लागत नाही, हे याच वर्धा जिल्ह्यात एकदा दिसलं. जून १९४२ मध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहिले. विदर्भातला उन्हाळा, पंगत जमिनीवर, जेवण आश्रमाचं, साधं. इंग्रजांनी हा देश सोडावा, हा विषय त्या दिवसांत गांधीजींच्या मनात घोळत होता. फिशर रोज त्यांच्यासोबत जेवले, रोज प्रश्न विचारत राहिले. परतल्यावर त्या एका आठवड्यावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं.