समुद्राच्या काठावरचे गीत

पास्काच्या रात्री आपण जी शास्त्रवाचने ऐकतो, त्यांतले एक वाचन कधीही गाळता येत नाही. जुन्या करारातील सात वाचनांपैकी काही वाचने सोयीसाठी कमी करण्याची मुभा ख्रिस्तसभेने दिली आहे. परंतु निर्गम ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातील समुद्र दुभंगण्याचा वृत्तांत त्या रात्री वाचलाच पाहिजे, असा दंडक आहे. वाचन संपते ते मोशे आणि इस्राएल लोक गाऊ लागले या वाक्यावर. लगेच गायकवृंद तेच गीत उचलतो. आपणही धृपद म्हणतो. हातातली मेणबत्ती तेवत असते, शेजारी लेकरे पेंगत असतात आणि आपण गात असतो. त्या क्षणी समुद्राच्या तळाशी काय आहे, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

माझ्या मनातही तो कित्येक वर्षे आला नव्हता. तो आणून दिला एका लहान मुलीने, आणि तोही एका चित्रपटाच्या निमित्ताने.

मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेच्या कालव्याकाठचा. शिक्षकी पेशामुळे अकोल्यास आलो आणि येथलाच झालो. एका उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा चित्रपट दाखविण्याचे ठरले. १९९८ साली निघालेला हा चित्रपट मोशेची कथा रेखाटलेल्या चित्रांतून आणि गीतांतून सांगतो. त्यातील गीते स्टीफन श्वार्ट्‌झ यांनी रचली आणि पार्श्वसंगीत हान्स झिमर यांनी दिले. भाषा परकी असल्याने मधूनमधून मी अर्थ सांगत होतो. परंतु फारसे सांगावे लागले नाही. नाईल नदीच्या पाण्यात टोपली सोडताना मोशेची आई जे अंगाईगीत गाते, ते ऐकून वर्ग चिडीचूप झाला. तो आवाज इस्राएलच्या ओफ्रा हाझा या गायिकेचा. अंगाई समजण्यास भाषा लागत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

चित्रपट संपला. मुले त्या शेवटच्या मोठ्या गाण्याची चाल गुणगुणत होती. मी फळ्यावर निर्गमच्या पंधराव्या अध्यायाचा सारांश लिहिला : प्रभूने घोडा आणि स्वार यांना समुद्रात लोटले म्हणून इस्राएल लोकांनी त्याची स्तुती गाइली. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, घोड्यांनी काय केलं होतं?”

वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. खाली बसता बसता ती हळूच म्हणाली, “आमचं जुनं गावपण पाण्यात आहे.”

त्या दिवशी मी तिला उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

प्रश्न सरळ आहे. आपली सुटका आणि दुसऱ्याचा मृत्यू एकाच पाण्यात घडला असेल, तर सुटलेल्याने गावे काय?

प्रथम चित्रपटाकडे पाहू. त्याच्या कर्त्यांनी एक मोठा फेरफार केला आहे, आणि तो सहजी ध्यानात येत नाही. पवित्र शास्त्रात हे गीत समुद्र ओलांडल्यावर, मिसरी सैन्य बुडाल्यावर येते. मिर्याम हाती डफ घेते आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघतात. चित्रपटात गाणे त्याआधीच येते. प्रथमपुत्रांच्या मृत्यूची रात्र सरली आहे. ज्याच्याबरोबर मोशे भावासारखा वाढला, त्या फारोने मृत मुलाच्या देहाशेजारी उभे राहून लोकांना जाण्याची परवानगी दिली आहे. मोशे बाहेर येतो, हातातील काठी टाकतो आणि भिंतीला टेकून रडतो. त्यानंतर मिर्याम गाऊ लागते. लोक गाठोडी बांधून, म्हाताऱ्यांना हात देत, मिसर देशातून निघतात आणि त्या वाटेवर मुले जे हिब्रू शब्द गातात, ते निर्गमच्या त्याच पंधराव्या अध्यायातील आहेत. पुढे समुद्र दुभंगतो, मिटतो. काठावर आनंद आहे, गळाभेटी आहेत. पण ते गीत तेथे नाही. पलीकडच्या खडकावर एकटा उरलेला फारो मोशेच्या नावाने हाका मारतो आणि मोशे मनातल्या मनात आपल्या भावाचा निरोप घेतो.

म्हणजे विजयगीत बुडण्याच्या आधी आणून ठेवले आहे. जे गीत प्रेतांच्या काठावर गाइले गेले, ते आता वाटेवरचे गीत झाले. याच गाण्याला १९९९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

हा फेरफार योग्य की अयोग्य? पहिल्या विचारात मला तो योग्य वाटला. कोणाच्या मरणावर गाऊ नये, ही शिकवण आपल्या रक्तात आहे. शत्रू पडला असता हर्ष करू नये, असे नीतिसूत्रांचे पुस्तकही बजावते. यहुदी लोकांच्या ताल्मूद ग्रंथात तर याच प्रसंगाची एक विलक्षण कथा आहे. मिसरी सैन्य बुडत असता देवदूत स्तुतिगीत गाऊ लागले, तेव्हा परमेश्वराने त्यांना थांबविले : माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडते आहे आणि तुम्ही गाता? आजही अनेक यहुदी कुटुंबे वल्हांडणाच्या भोजनात मिसर देशावरील दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक द्राक्षारसाचा एकेक थेंब प्याल्यातून काढून टाकतात. दुसऱ्याच्या दुःखाने आपला आनंदाचा प्याला तेवढा उणा झाला, असा या रीतीचा अर्थ लावला जातो.

परंतु दुसऱ्या विचारात मी अडखळलो. त्या कथेत देवाने थांबविले ते देवदूतांना. काठावर उभ्या असलेल्या इस्राएल लोकांना त्याने थांबविले नाही. देवदूतांनी विटा थापल्या नव्हत्या. त्यांच्या पाठीवर चाबूक पडला नव्हता. त्यांची लेकरे नदीत फेकली गेली नव्हती. ज्याने काही सोसले नाही, त्याने गाऊ नये, हे ठीक. पण ज्याच्या कित्येक पिढ्या गुलामीत गेल्या, त्याच्या कंठातून आपोआप फुटलेले गीत दाबण्याचा अधिकार कोणाला? सुखवस्तू माणसाने पीडितास संयमाचे धडे देणे यासारखी स्वस्त नीती नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांनी मोशेची गाणी गाइली ती याच हक्काने. मनोरंजनासाठी काढलेल्या चित्रपटाने ते गीत काठावरून उचलून सुरक्षित जागी ठेवले, त्यात करुणा असेल. पण प्रेक्षकाचे मन दुखू नये अशी व्यापारी काळजी मुळीच नसेल, असे कोण म्हणेल?

येथे संत ऑगस्टीन यांची आठवण होते. ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात ते सांगतात, की गाइल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, तर आपल्या हातून अपराध घडला असे त्यांना वाटे. माझ्या वर्गाचे तेच झाले होते, आणि माझेही. चाल इतकी गोड की शब्द कोठून आले हे कोणी विचारले नाही. विचारले ते एकीनेच; आणि तिला विचारावेसे वाटले, कारण पाणी मिटते म्हणजे काय होते, हे तिच्या घरात ठाऊक होते.

अकोले तालुका हे प्रवरेचे माहेर. रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि तिचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांत खेळू लागले. अलीकडे त्याच नदीवर निळवंड्याचे धरण झाले; अर्ध्या शतकाच्या प्रतीक्षेनंतर २०२३ साली त्याच्या डाव्या कालव्यातून पाणी सुटले. अवर्षणाच्या पट्ट्यात वाढलेल्यांनाच त्या पाण्याचे मोल कळते. माझ्या आजीने दुष्काळ पाहिले होते. कालव्याला आवर्तन सुटले, की ती पहिली ओंजळ कपाळाला लावी. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या कालव्याकाठच्या धर्मग्रामांतून जी कुटुंबे जातात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातील भाकर या पाण्यावर पिकली आहे. आपण देवाचे आभार मानले, गीते गाइली. त्यात खोटे काही नव्हते.

पण त्या पाण्याखाली कोणाची तरी भातखाचरे होती, घरे होती, देवळे होती. वर डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर लोकांनी, आणि काठच्या इतर शेतकऱ्यांनीही, जमिनी दिल्या. समुद्र आपल्यासाठी दुभंगला आणि त्यांच्यावर मिटला.

उपमा ताणू नये, हे मी जाणतो. पवित्र शास्त्रात जे बुडाले, ते शस्त्रे घेऊन पाठलाग करणारे होते. धरणात ज्यांची गावे गेली, त्यांनी कोणाचा पाठलाग केला नव्हता. ते फारोचे स्वार नव्हते. फार तर त्या मुलीने विचारलेले घोडे होते, ज्यांना कोणी विचारले नाही. परंतु म्हणूनच तर प्रश्न अधिक तीव्र होतो. अत्याचारी बुडत असताही जर स्वर्गात गाणे थांबते, तर निरपराध्याचे घर बुडते तेव्हा आपल्या आभारगीतात निदान एक विराम असावा की नाही?

तर मग पास्काच्या रात्री आपण गावे की नाही? गावे, असे माझे उत्तर आहे. आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांपासून आपण समुद्र ओलांडण्याच्या घटनेत बाप्तिस्म्याचे चिन्ह पाहत आलो आहोत. पाण्यात बुडते ते पाप, बुडते ते मरण. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५६ साली याच प्रसंगावर प्रवचन करताना सांगितले, की काठावर आपण साजरा करतो तो कोणा माणसांचा मृत्यू नव्हे, तर दुष्टतेचा मृत्यू होय. हे सांगणारा माणूस देवदूतांच्या पंक्तीतला नव्हता. तो चाबूक सोसलेल्या समाजातला होता. म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

आणि हे समजण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे जाण्याचीही गरज नव्हती. अकोल्याहून निघालेली हीच प्रवरा पुढे नेवाशास जाते. तेथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ पुरा करताना जे मागणे मागितले, त्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचे वाकडेपण गळून पडावे, एवढेच मागितले आहे. शत्रूंवर प्रीती करा, असे सांगणाऱ्या प्रभूच्या शिष्यांना हे मागणे परके वाटू नये. बुडायचे असेल तर ते वाकडेपण बुडो. माणूस काठाला लागो.

मात्र या उत्तरात एक धोका आहे. ‘शत्रू म्हणजे पाप’ असे म्हटले, की हाडामांसाची माणसे अर्थातून नाहीशी होतात आणि आपण पुन्हा निर्धास्तपणे गाऊ लागतो. चित्रपटाने गीताची जागा बदलून जे केले, तेच आपण गीताचा अर्थ बदलून करतो. पवित्र शास्त्र तसे करीत नाही. ते गीत काठावरच ठेवते आणि किनाऱ्यावर पडलेली प्रेतेही लपवीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. आणि गीतानंतर तीनच दिवसांच्या वाटेवर तेच गाणारे लोक माऱ्याच्या कडू पाण्यापाशी कुरकुर करताना दिसतात. सुटका झाली म्हणून माणूस पवित्र झाला असे होत नाही. त्याची परीक्षा सुटकेनंतर सुरू होते. पुढे नियमशास्त्र त्याच लोकांना पुन्हा पुन्हा बजावते, की परक्यावर जुलूम करू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. गीताचे खरे धृपद हेच असावे. काठावर गाणाऱ्याने पुढे कोणाला पाण्यात लोटले नाही, तरच ते गाणे खरे ठरते.

त्या मुलीचे शिक्षण संपले. ती आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. भेटली तर सांगेन, की बाई, घोड्यांनी काहीच केले नव्हते. तुझा प्रश्न बरोबर होता आणि त्यावर हसणारे आम्ही चुकलो होतो.

पुढच्या पास्काच्या रात्री मी ते गीत म्हणेनच. आजीच्या कपाळावरची ती ओंजळ मला विसरता येणार नाही. पण धृपद उचलण्याआधी क्षणभर थांबेन. पाणी ज्यांच्यावर मिटले, त्यांच्यासाठी तेवढा एक श्वास. मग गाईन.