आधी शटर कुणी ओढायचं?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरचे मुहूर्ताकडे डोळे लावून बसलेले असतात आणि नेमकं तेव्हाच दुकानात गिऱ्हाईक मावत नाही. सण म्हणजे बहुतेकांना सुट्टी, वाण्याला मात्र हंगाम. त्यामुळे काम आणि घर यांचा तोल सांभाळा, हा हल्लीचा सल्ला छोट्या दुकानदाराला लागू पडत नाही. तो सल्ला नोकरदारांच्या जगातला आहे. तिथे काम एका ठिकाणी, घर दुसऱ्या ठिकाणी आणि मधे लोकल असते. ज्याच्या गाळ्याचं मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं, त्याच्या तराजूला दोन पारडी कुठून असणार? पहाटे दुधाची पिशवी मागणारा आणि रात्री डोकेदुखीची गोळी मागणारा, दोघांनाही ते दार कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. दुकानदाराने स्वतःला शिस्त लावली की घराला वेळ मिळेल, हे मला म्हणूनच पटत नाही. त्याची वेळ त्याच्या एकट्याच्या हातात नसते, शेजारच्या दुकानाच्या शटरवरही ती अवलंबून असते.

उरण-पनवेल पट्ट्यातल्या जासईसारख्या गावात हे ठळक दिसतं. इथला मूळ व्यवसाय भातशेती, मिठागरं आणि मासेमारी. इथल्या आगरी समाजाचं नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेलं. भाताला पावसाळा होता, मिठाला उन्हाळा होता आणि शेता-आगरातलं बरंचसं काम अंधार पडला की थांबायचं. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. लढा जमिनीच्या मोलासाठी होता. पण जमीन गेली तेव्हा तिच्यासोबत कामाचं ऋतुमानही गेलं, आणि त्याचा मोबदला कुठल्याच पंचनाम्यात बसण्याजोगा नव्हता. ज्यांना बंदरात किंवा कंपनीत कायमची नोकरी मिळाली नाही त्यांच्यापुढे उरलेल्या वाटांपैकी एक गाळ्याची: किराणा, चहा, टायर पंक्चर, मोबाइल रिचार्ज. 1989 मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर चोवीस तास चालतं. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू शेजारच्या चिर्ल्यापर्यंत आला. ज्या रस्त्याला रात्र नाही त्या रस्त्यावरच्या दुकानाला ती कुठून असणार?

हे वाढीव तास पुरवतं कोण? घर. रशियन अर्थतज्ज्ञ चायानोव यांनी 1925 च्या सुमारास शेतकरी कुटुंबांविषयी एक निरीक्षण मांडलं होतं. मजूर लावणारा मालक नफा दिसला तरच काम वाढवतो. कुटुंब मात्र पोट भरेपर्यंत स्वतःचे तास वाढवत नेतं, कारण त्या तासांची मजुरी कुणी मोजत नाही. शेतकऱ्याच्या जागी दुकानदार घाला, वाक्य तसंच खरं राहतं. नवरा माल भरायला गेला की बायको गल्ल्यावर बसते, शाळेतून आलेला मुलगा सुट्टी साखर तोलतो. सरकारी श्रम-पाहणीत यांना घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस म्हणतात. त्यावर घरकाम आहेच. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88. दुकान घराला लागून असेल तर ही 289 मिनिटं सलग मिळत नाहीत. फोडणी करपते ती गिऱ्हाइकाने मारलेल्या हाकेमुळे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: घरालगतचं दुकान हाच तोल नाही का? मूल डोळ्यांसमोर असतं, लोकलचे धक्के नाहीत, साहेबाकडे रजा मागायची नाही. हे सुख खरं आहे आणि अनेक स्त्रिया ते जाणूनबुजून निवडतात. पण मूल डोळ्यांसमोर असणं वेगळं आणि लक्ष मुलाकडे असणं वेगळं. दुकानदार घरी असतो, पण मोकळा कधीच नसतो.

दुसरा आक्षेप अधिक कडक. कुणी सांगितलंय उघडं ठेवायला? करा की बंद! इथेच खरी गाठ आहे. एकाने रात्री नऊला शटर ओढलं तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं, आणि एकदा गेलेलं उधारीच्या वहीसकट जातं. सगळ्यांनी नऊला ओढलं तर ते साडेआठला येतं. मीठ-तेलाचा खप काही कमी होत नाही. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस बंद आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरवल्या, त्या नोकरांसाठी. कायदा ठरावीक, बहुतांशी शहरी भागांनाच लागू होता आणि नोकराच्या व्याख्येतून मालकाचं कुटुंब वगळलेलं होतं. तरीही त्याचा आडून लाभ मालकाच्याच घराला झाला, कारण स्पर्धकही त्याच दिवशी बंद असे. पुण्यातल्या एक ते चारच्या बंद दुकानांवर महाराष्ट्राने पोटभर विनोद केले. ती वामकुक्षी सगळ्या पेठेने मिळून घेतली होती म्हणूनच परवडत होती, हे मात्र विनोदात राहून गेलं. 2017 च्या जुलैत चितळे बंधूंनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा राज्य कायदा अमलात आला. त्याने वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवण्याची मुभा दिली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना बहुतेक तरतुदींतून मोकळं केलं. व्यापार सुलभ झाला. एकत्र थांबण्याची सक्ती गेली, आणि तिच्यासोबत थांबायचं निमित्तही.

आता कोणी म्हणेल, दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपच्या जमान्यात सगळ्यांनी मिळून थांबायची चैन कशी परवडायची? उलट विचारायला हवं: तासांच्या शर्यतीत ॲपला हरवता येईल का? त्यांच्याकडे पाळ्या आहेत, दुकानदाराकडे एकच बायको आणि एकच पाठ. त्याचं बळ उधारीत, ओळखीत, पाव किलो डाळ मोडून देण्यात आहे, आणि ते रात्री अकरानंतर वाढत नाही. जर्मनीने 1956 मध्ये दुकानं मिटण्याच्या वेळा कायद्याने बांधल्या. पुढे त्या बऱ्याच सैल झाल्या, तरी रविवार बहुतांशी बंदच राहिला, आणि म्हणून काही तो देश व्यापारात मागे पडला नाही.

जासईत यासाठी पोलीस नकोत, नवा कायदाही लगेच नको. एका रस्त्यावरच्या दुकानदारांनी एक दुपार ठरवावी, मेडिकल आणि पंक्चरवाल्यांनी आळीपाळीने उघडं राहावं, ट्रकवाल्यांच्या चहाची एक टपरी पाळीने चालू ठेवावी. पहिल्या महिन्यात कुणीतरी अर्धं शटर वर ठेवून आतून माल देईल, हे धरूनच चालावं. आठवड्याच्या बाजारालाही वार ठरवूनच बसावं लागतं. तसाच बंदचाही वार ठरू शकतो. आणि त्या ठरवण्याच्या बैठकीला गल्ल्यावर बसणाऱ्या बायकांना बोलवावं, कारण कोणती दुपार बंद ठेवायची हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.