माळ, वेदना आणि गोळी

तुळशीची माळ गळ्यात असलेल्या माणसाने अफूच्या जातीचे औषध घ्यावे काय, आणि घेतलेच तर ते सोडावे कसे? कीर्तनाला उभे राहणे थांबले तेव्हापासून माझ्याकडे वेदान्ताच्या शंका कमी येतात आणि दवाखान्याच्या जास्त. श्रोतेही माझ्याच वयाचे झाले आहेत. कोणाच्या गुडघ्यात नवा सांधा बसवला आहे, कोणाच्या मणक्याला स्क्रू आहेत, कोणाचा खुबा बदलला आहे. शस्त्रक्रियेनंतर चारआठ दिवस गोळी घेऊन जो मोकळा होतो त्याला हा प्रश्न पडत नाही. पण ज्याचे दुखणे लांबते, गोळी दोन-दोन महिने चालते, आणि एके दिवशी कोणीतरी सांगते की ‘अहो, ही अफूचीच बहीण’, त्याच्या मनाची काय अवस्था होते ती मी जवळून पाहिली आहे. वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या दिंडीतले विणेकरीबुवा. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. माघी वारीनंतर त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, दिवसाला चार. दुखणे रेंगाळले आणि गोळीही रेंगाळली. चैत्रात घरी आलेल्या जावयाने गोळीचे पाकीट वाचून ती कोणत्या जातीची आहे ते सांगितले. बुवांनी त्या वद्य एकादशीला विठ्ठलाच्या तसबिरीपुढे संकल्प सोडला आणि सगळी पाकिटे नेऊन उकिरड्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. मग नाक वाहू लागले, घाम फुटला, अंगावर काटा येऊ लागला, पोट बिघडले. रात्री पाय एका जागी राहीनात. अंथरुणात पडावे तर पाय आपोआप हलत, उठून फिरावे तर पाठ दुखे, आणि तीही आधीच्या दुप्पट. तिसऱ्या रात्री त्यांच्या मनात एकच विचार उरला, तो गोळीचा. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आपण व्यसनी झालो. पहाटे उठून त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली. बेचाळीस वर्षांची माळ.

त्यांच्या मुलाचा निरोप आला म्हणून मी गेलो. ‘बुवा, माळ का काढली?’ म्हटले. ते म्हणाले, ‘महाराज, अफू मागणाऱ्या गळ्यात ती शोभत नाही.’

आता या एका वाक्यात तीन गाठी आहेत. त्या एकेक करून सोडवू.

पहिली गाठ पदार्थाची. अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने तिची शेती होते. तिच्यातूनच मॉर्फिन निघते, आणि मॉर्फिनवर क्रिया करून हेरॉइन, म्हणजे ब्राऊन शुगरचे मूळ. मुंबईच्या गिरणगावात एके काळी बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चाटवून पाळीला जात, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. अफूचे नाव निघाले की आपले अंग आखडते ते काही उगाच नव्हे. पण बुवांची गोळी खसखशीच्या बोंडातून आलेलीच नव्हती. ट्रामाडॉल कारखान्यात रसायनांपासून तयार होते. मेंदूत जिथे अफू जाऊन बसते तिथेच तेही बसते, म्हणून त्याला त्या जातीत धरतात. सरकारने २०१८ साली ते अमली औषधांच्या कायद्याखाली आणले तेही याचसाठी. म्हणजे पदार्थाच्या कुळावरून विटाळ ठरवायचा म्हटले, तर ही गोळी निर्दोष ठरते आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या म्हातारीला दिलेले मॉर्फिन सदोष ठरते. असा निवाडा कोणता संत मान्य करील? विधिनिषेध पदार्थाला लागतो तसा हेतूलाही लागतो. माळ घालताना आपण नशा वर्ज्य केली. तिथे वर्ज्य केले ते शुद्ध हरपण्याचे सुख. शस्त्राने चिरलेल्या अंगाची आग विझवणे आपण वर्ज्य केलेले नाही.

यावर पूर्वपक्ष असा येतो की दुःख हे प्रारब्ध आहे, ते भोगूनच संपते, गोळी घेऊन ते पुढे का ढकलावे? हे ऐकायला भारदस्त वाटते. पण एकनाथ महाराजांची कथा आठवा. काशीचे गंगाजल रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिती केली. ‘तहान तुझे प्रारब्ध आहे, भोग’ असे त्याला सुनावले नाही. गाढवाला जे लागू नाही ते विणेकऱ्याला का लागू करता? आणि दुखणे जर प्रारब्धाने आले, तर वैद्य आणि गोळी काय प्रारब्धाबाहेरून आली? शस्त्रक्रियेनंतर ज्याची वेदना आवरलेली नसते तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि त्यातून छातीचे व रक्ताच्या गुठळीचे विकार उद्भवतात. दुखणे सोसल्याचे पुण्य खात्यात किती जमा होते ते पांडुरंगाला ठाऊक. न्युमोनिया मात्र नक्की जमा होतो.

दुसरी गाठ अधिक घट्ट आहे. शरीराला लागलेली सवय आणि व्यसन हे एकच की दोन? बुवांनी ते एक मानले आणि माळ काढली. डॉक्टरांनी समजावले ते मी आपल्या भाषेत सांगतो. एका दाराला दोघे दोन बाजूंनी रेटा देऊन उभे आहेत. आतून गोळी रेटते आहे, ती अंगाला शांत करते, मंद करते. बाहेरून शरीर रेटते आहे, कारण शरीराला आपला तोल सांभाळायचा आहे. काही आठवडे असे चालले की शरीराचा रेटा वाढलेला असतो. आता आतला गडी एकदम बाजूला झाला तर काय होईल? बाहेरचा धाडकन आत कोसळेल. तो घाम, ते काटे, ते पाय हलणे, ती वाढलेली वेदना म्हणजे हे कोसळणे. त्यात बुवांचे मन कुठे आले? पापी माणसाने ही गोळी दोन महिने घेतली तरी हेच होईल आणि पुण्यवानाने घेतली तरी हेच होईल. स्टिरॉइडची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यालाही ती एकदम बंद करता येत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही.

व्यसनाची लक्षणे निराळी आहेत, आणि ती ओळखण्यात भीड धरू नये. दुखणे थांबले तरी मन हलके व्हावे म्हणून गोळी घ्यावीशी वाटणे, सांगितल्यापेक्षा जास्त घेणे, दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आणणे, घरच्यांपासून लपवणे, नुकसान डोळ्यांना दिसत असून हात तिकडेच जाणे. ही आसक्ती. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने घेतलेल्या गोळीतूनही ती जडू शकते, माळकऱ्यालाही जडू शकते. जडली तर तोही आजार आहे आणि त्यालाही उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आले आहे. तिथे जाणाऱ्याने माळ घालून जावे असे माझे मत आहे, पण तो वेगळा लेख होईल. बुवांच्या ठायी यातले एकही लक्षण नव्हते. तिसऱ्या रात्री गोळी आठवली ती बुडणाऱ्याला काठ आठवावा तशी.

तिसरी गाठ संकल्पाची, आणि मला विचाराल तर खरी गाठ हीच. एका झटक्यात सोडणे आपल्याला फार आवडते. कीर्तनात क्षणात वैराग्य आलेल्यांची आख्याने रंगतात. चारच्या तीन केल्या, तीनच्या दोन केल्या, या आख्यानाला कोण टाळी देणार? पण गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरायचे कसे हे सांगताना भगवंत हळूहळू, धीर धरलेल्या बुद्धीने, असेच सांगतात. त्याच अध्यायात फार खाणाऱ्यालाही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असा निर्णय आहे. एकदम टाकण्यात पुष्कळदा त्यागापेक्षा त्यागाचा डौल जास्त असतो. हळूहळू सोडणाऱ्याला तो डौल मिळत नाही. त्याला रोज सकाळी एक लहान, कोणाला न दिसणारा नकार द्यावा लागतो, आणि उरलेली गोळी निमूट घ्यावीही लागते. अहंकाराला हे फार जड जाते.

आपली वारी तरी कशी चालते? माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत वाखरीला येते. दिवे घाट चढून आलो की सासवडला जास्तीचा मुक्काम पडतो. त्याला कोणी माघार म्हणत नाही. गोळी सोडण्याचेही असेच आहे. साधारण रीत अशी की काही आठवडे ते काही महिने गोळी चालली असेल, तर दर आठवड्याला मूळ मात्रेच्या दहाव्या भागाएवढी किंवा डॉक्टर ठरवतील तितकी कमी करतात. वर्षावर चालली असेल तर याहून पुष्कळ सावकाश. मध्येच त्रास वाढला तर तिथेच मुक्काम वाढवायचा, शरीर स्थिरावले की पुढची मजल. मागे वळायचे नाही आणि पळायचेही नाही.

बुवांना त्यांच्या मुलाने डॉक्टरांकडे नेले. चार दिवस गोळी बंद होती म्हणून डॉक्टरांनी चारऐवजी तीनपासून सुरुवात केली. मग दोन. दोनवर पाय पुन्हा हलू लागले, तिथे एक आठवडा जास्त थांबले. मग रात्रीची एक. शेवटची गोळी सुटली तेव्हा आषाढ लागला होता आणि पालखी फलटणच्या आसपास होती. बुवा एसटीने वाखरीला आले. माळेबद्दल मात्र आमचे जमले नाही. मी म्हणालो, आजच घाला, काढायचेच कारण नव्हते. ते म्हणाले, शेवटची गोळी संपेल त्या दिवशी घालीन. त्यांनी तसेच केले. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. नऊ आठवडे ज्या माणसाने एवढा संयम पाळला त्याच्याच गळ्यात माळ नव्हती, हे मनाला लागते.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे भाग आहे, कारण आपल्या लोकांच्या चुका या ठरावीक ठिकाणी होतात. एकादशीला उपवास म्हणून ही गोळी चुकवू नये, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पटही घेऊ नये. बारा तास पुरणारी सावकाश विरघळणारी गोळी मोडून अर्धी करू नये, चुरून तर मुळीच घेऊ नये. बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. गोळीत पॅरासिटामॉल आधीच असेल तर तापासाठी म्हणून वेगळे घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. झोपेची गोळी आपल्या मनाने जोडीला घेऊ नये. आणि सर्वांत मोठा धोका हा: मात्रा कमी करत आणल्यावर किंवा बंद झाल्यावर एखाद्या वाईट रात्री कोणी पूर्वीच्या हिशेबाने मूठभर गोळ्या घेतल्या, तर शरीराला ती सवय राहिलेली नसते. झोपेतच श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

घरच्यांनीही थोडे सांभाळावे. ‘अजून गोळ्या चालूच का?’ हा प्रश्न दिवसातून तीनदा विचारू नये. रात्री पाय हलू लागले तर बसून पाय चेपून द्यावेत. आमच्या बुवांना त्यांची सून पोथी वाचून दाखवत असे, दोन-दोन वाजेपर्यंत. डॉक्टरांच्या गोळीइतकेच त्या वाचनाने काम केले असे बुवा सांगतात. मी त्यात भर घालत नाही.

शेवटी दिंडीप्रमुखांना एक विनंती. आपल्या ट्रकमध्ये औषधांचा एक डबा असतो. कोणाच्या तरी ऑपरेशनच्या उरलेल्या गोळ्या त्यात येऊन पडतात, आणि सासवडच्या मुक्कामावर ‘माझी कंबर धरली आहे, दे रे एक’ म्हणून त्या हातोहात जातात. देणारा प्रेमाने देतो, घेणारा विश्वासाने घेतो. यंदा प्रस्थानापूर्वी तो डबा एखाद्या डॉक्टरांपुढे उघडा आणि या जातीच्या जेवढ्या गोळ्या निघतील तेवढ्या त्यांच्या हवाली करा.