खेळातली फलाशा

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक मोठा पेच उभा राहतो. कोणीही काही करतो ते काहीतरी मिळवण्यासाठी. मग ज्याला मिळवण्यासारखे काही उरलेलेच नाही त्या ब्रह्माने हे जग कशासाठी निर्माण केले? हेतू होता म्हणावे, तर ब्रह्मात काही उणे होते असे ठरते. हेतू नव्हता म्हणावे, तर निर्मिती हे भ्रमिष्टाचे कृत्य ठरते. सूत्रकार यातून वाट काढतात ती लीलेची. शंकराचार्य भाष्यात दाखले देतात ते राजाच्या क्रीडेचे आणि श्वासाचे: सर्व काही लाभलेला राजा खेळतो, आणि श्वास बाहेरच्या कोणत्याही प्रयोजनावाचून चालत राहतो. खेळाची ही कल्पना एकदा मान्य केली, तर तीन-चार वर्षांच्या मुलासमोर चिंचोके मांडून त्यांचा ‘क’ करणाऱ्या आईबापांपुढे खरीच अडचण उभी राहते. त्यांना हेतू आहे. मुलाची अक्षरांशी ओळख व्हावी, पुढे त्याला नीट वाचता यावे, म्हणून तर चिंचोके बाहेर काढले. मग हा खेळ खेळ राहिला का? की लहान माणसाच्या आयुष्यातला एकमेव निर्हेतुक भाग आपण हळूच अभ्यासाच्या खात्यावर टाकला?

हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. घरोघरी आज अक्षरांचे पत्ते, ठोकळे, सोंगट्या आहेत आणि त्या आणणाऱ्या पालकांचा हेतू चांगलाच आहे. पण चांगल्या हेतूने केलेला अतिक्रम हाही अतिक्रमच. म्हणून आधी हे तपासले पाहिजे की हेतू आला म्हणजे खेळ बिघडतोच का. माझ्या मते बिघडत नाही. बिघडतो तो खेळ चालू असतानाच त्याचे फळ मागू लागल्यावर. या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्यावरच सारे अवलंबून आहे.

अक्षरे खेळातून शिकवावीत हा विचार फार जुना आहे, आणि तो मांडणाऱ्यांची कारणे एकसारखी नाहीत. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात मुलांना खेळातून शिकवा म्हटले, ते स्वातंत्र्यासाठी: स्वतंत्र माणसाने कोणतीही विद्या गुलामासारखी शिकू नये, आणि जबरदस्तीने घेतलेले ज्ञान मनात टिकतही नाही. रोममध्ये क्विंटिलियनने मुलांच्या हाती हस्तिदंती अक्षरे द्यायला सांगितले, कारण विद्येची गोडी लागण्याच्या आधी तिचा तिटकारा बसू नये. पाचव्या शतकाच्या आरंभी संत जेरोम एका मातेला पत्र लिहून तिच्या मुलीसाठी लाकडी किंवा हस्तिदंती अक्षरे करायला सांगतो, आणि जमेल तेव्हा लहानसे बक्षीस द्यायलाही सुचवतो. जॉन लॉक १६९३च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात फाशांवर अक्षरे चिकटवण्याची युक्ती वर्णन करतो: एका फाशावर स्वर, उरलेल्या तिन्हींवर व्यंजने. मुलाला पत्ताही लागू न देता अक्षरओळख करून द्यायची, असा त्याचा बेत. स्वातंत्र्य, गोडी, बक्षीस, युक्ती या चार गोष्टी परंपरेत एकत्र नांदत आल्या. त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

त्याआधी खेळ आणि वाचन यांचा संबंध नेमका कुठे जुळतो ते पाहू. मूल वाचायला लागते ते डोळ्यांनी, पण त्याची तयारी कानात झालेली असते. ‘कमळ’ हे मुलासाठी आधी एक फूल असते. त्यात क, म आणि ळ असे तुकडे आहेत, आणि पहिला तुकडा ‘कप’ आणि ‘कणीस’ यांतही आहे, हे लक्षात येणे ही बुद्धीची मोठी झेप आहे, कारण त्यासाठी अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजाकडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत आजही महत्त्वाचा आहे. आवाज ओळखण्यात कच्ची असलेली मुले निवडून त्यांनी त्यांचे गट केले. एका गटाने चित्रे आवाजानुसार जुळवली. दुसऱ्याने तेच केले, शिवाय प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळली. तिसऱ्याने तीच चित्रे अर्थानुसार लावली. चौथ्याला काहीच शिकवले नाही. पुढे वाचनात आणि शब्दलेखनात आवाज आणि अक्षर दोन्ही हाताळणारी मुले स्पष्टपणे पुढे होती. नुसते आवाज जुळवणारी त्यांच्या मागे होती. म्हणजे कानाचा खेळ हवा, आणि तो केव्हातरी अक्षराला भेटायलाही हवा.

हा प्रयोग इंग्रजीतला आहे. मराठीची लिपी वेगळ्या रीतीने चालते: आपले अक्षर बहुधा पूर्ण उच्चाराचा तुकडा असते, त्यामुळे नावातल्या अक्षरांगणिक टाळी वाजवणे, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरात शोधणे हे आपल्या मुलांना लवकर जमते. तिथेच बारकावेही सापडतात. ‘च’च्या वस्तू गोळा करताना चमचा आणि चहा शेजारी आले की मुलाच्या कानाला दोन च वेगळे लागतात, आणि ते बरोबरच असते, लिपी हा फरक दाखवत नाही, मराठी माणसाची जीभ दाखवते. भेंड्या खेळताना शेवटी ळ आला की सगळे अडतात आणि ल घेऊन पुढे जातात. मराठी शब्दाच्या आरंभी ळ येत नाही, हे व्याकरणाचे पुस्तक न उघडता मुलाला तिथे कळते. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवणे, वाणसामानाच्या यादीत आपल्या रेघोट्यांनी भर घालणे, एसटीच्या पाटीवर आपल्या नावातले अक्षर ओळखणे, रोजची गोष्ट ऐकताना मुद्दाम चुकवलेला शब्द पकडणे: यातल्या कशालाही विकतचे साहित्य लागत नाही.

या साऱ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘च’च्या भाषेचा खेळ, जरी तो थोड्या मोठ्या मुलांचा असला तरी. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा: ‘मराठी’चे ‘चराठीम’ होते. वाचनाचे अभ्यासक मुलाची ध्वनिजाणीव तपासताना जे करून घेतात, म्हणजे शब्द फोडणे, तुकडा काढणे, दुसरा बसवणे, ते सर्व इथे वेगाने आणि बोलण्याच्या ओघात होते. आणि मुले हे कशासाठी करतात? मोठ्यांना कळू नये म्हणून. वाचन सुधारावे हा विचार त्या खेळात कोणाच्याही मनात नसतो. फळ मिळते, पण खेळणाऱ्याने ते मागितलेले नसते. घरातल्या प्रत्येक अक्षरखेळाला हीच कसोटी लावावी असे मला वाटते: यातून वाचन वजा केले, तरी मुलाला तो खेळावासा वाटेल का?

उलट्या बाजूचा पुरावाही आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. बक्षीस अनपेक्षित मिळालेल्यांची आवड मात्र ओसरली नाही. जेरोमने खेळ आणि बक्षीस एकाच वाक्याच्या अंतरावर ठेवले होते; या प्रयोगाने ते वेगळे करून दाखवले. खेळ बिघडला तो मोठ्यांच्या मनात हेतू होता म्हणून नाही, कारण प्रयोग करणाऱ्यांचा हेतू तिन्ही गटांबाबत सारखाच होता. बिघडला तो फळ आधी ठरवून मुलाच्या मनात ठेवले तेव्हा.

इथे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आठवते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांनी एक गैरसमज चिकाटीने दूर केला: फलाशा सोडणे म्हणजे हेतू सोडणे नव्हे. कर्मयोगी परिणामाचा पूर्ण विचार करतो, साधने निवडतो, नेटाने काम करतो. सोडतो ती फळावरची आसक्ती. हा भेद घरातल्या खेळाला तंतोतंत लागू पडतो. ‘क’ आधी घ्यावा की ‘म’, आज गोष्ट कोणती सांगावी, हे आईबापांनी जरूर विचारपूर्वक ठरवावे. पण चिंचोके मांडल्यावर मुलाने ‘क’ऐवजी साप केला, तर तो सापच. तिथे “अरे, आपण काय करत होतो?” असे विचारले की फलाशा खेळात शिरली. हेतू वडीलधाऱ्यांकडे राहावा, खेळाची मालकी मुलाकडे. त्यांच्यात भांडण नाही, कारण ती दोन वेगळ्या माणसांच्या मनांत आहेत. सूत्रकारांना ही सोय नव्हती, कारण त्यांच्यासमोर एकच कर्ता होता. घरात दोन आहेत.

मग ही फसवणूक नाही का? मनात एक ठेवून मुलाला दुसरेच भासवणे? लॉकच्या युक्तीवर हा आक्षेप खरोखरच बसतो, कारण तिच्यात लपवणे हाच गाभा आहे. पण हेतू न बोलणे आणि हेतू लपवणे यांत फरक आहे. मुलाने विचारले, “हे कशाला करतोय आपण?”, तर सरळ सांगावे की अशाने वाचता येऊ लागते, आणि मजाही येते. ज्या खेळाला हे उत्तर सहन होत नाही, तो मुळातच फसवा होता. मुलाला ‘नको’ म्हणता आले पाहिजे, नियम बदलता आले पाहिजेत, खेळ अर्धवट टाकता आला पाहिजे. एवढे असले तर फसवणुकीचा आरोप टिकत नाही.

याहून वजनदार आक्षेप कांटचा आहे. शिक्षणावरील त्याची व्याख्याने १८०३ साली प्रसिद्ध झाली. सगळे काही खेळ म्हणून पाहायला मुलाला शिकवणे घातक आहे, असे त्यांत तो बजावतो: खेळासाठी वेळ हवाच, पण मुलाने काम करायलाही शिकले पाहिजे. मराठीच्या संदर्भात हा आक्षेप आणखी धारदार होतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून दाखवले की अक्षरांचा पूर्ण संच आत्मसात व्हायला चौथीपर्यंतचा काळ जातो. आपल्याकडेही बाराखडी आहे, जोडाक्षरे आहेत, रफार आहे, आणि उच्चारात नंतर येणारी पण लिहिताना आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी आहे. हे सगळे खेळत खेळत होईल असे म्हणणे खोटे ठरेल; त्याला सराव लागतो, आणि सराव कधी कधी कंटाळवाणा असतो. कांटचे हे म्हणणे मला मान्य आहे. पण कामाची प्रतिष्ठा कशात असते? करणाऱ्याला त्याचे साध्य ठाऊक असते आणि ते त्याने स्वीकारलेले असते यात. चार वर्षांच्या मुलाला वाचन म्हणजे काय हेच माहीत नसते. ज्याने फळ पाहिलेले नाही, त्याच्याकडून फळासाठी कष्ट मागणे म्हणजे त्याला वेठीला धरणे होय. खेळाचे काम एवढेच की मुलाला ते साध्य दिसावे: या खुणांमागे आवाज आहेत, आवाजांमागे गोष्टी आहेत, आणि त्या आपल्यालाही उलगडता येतील. एकदा हे दिसले की सहा-सात वर्षांचे मूल जोडाक्षरांचा सराव काम म्हणून पत्करते. कांटला हवे असलेले काम तिथून सुरू होते, आणि खेळाने त्याचा पाया घातलेला असतो.

हे सारे शिकल्यासवरल्या, सवड असलेल्या घरांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. अंशतः ते खरे आहे. बारा तास राबून आलेल्या माणसाला खेळायला सांगताना संकोच वाटलाच पाहिजे. पण शिक्षण आणि खेळ यांचे नाते श्रीमंतीवर उभे नाही, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, तेव्हा मोंटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पाने यांचीच साधने केली. आणि कानाच्या खेळांना साक्षरताही लागत नाही. उखाणे, कोडी, ओव्या, बडबडगीते यांचा साठा शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीजवळ अनेकदा पदवीधर आईपेक्षा मोठा असतो. यमक जुळवणारी आजी नातवाला वाचनाच्या वाटेवर आणते आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे, कारण आपल्याला यातले काही येत नाही असे मानून तीच आधी बाजूला होते.

हेतू आणि खेळ एकत्र नांदू शकतात याचा दाखला आपल्या भक्तिपरंपरेतही आहे. तुकोबांच्या गाथेत हमामा, फुगडी, टिपरी, विटीदांडू, हुतूतू, चेंडूफळी असे खेळच अभंगांचे विषय झाले आहेत. लोकांना विठ्ठलाकडे न्यावे हा तुकोबांचा हेतू उघड आहे, तो कुठेही लपवलेला नाही. तरी त्या अभंगांतला खेळ रंगतो, कारण तुकोबा खेळगडी म्हणून आत उतरतात, परीक्षक म्हणून काठावर उभे राहत नाहीत.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट २०२६-२७ सालापर्यंतसाठी ठेवले. राज्यसंस्थेने असे उद्दिष्ट ठेवलेच पाहिजे, मोजलेही पाहिजे. कारण ती लोकांना जबाबदार आहे आणि न मोजल्यास मागे राहणारी मुले गरिबांची असतात. पण शाळेची ती मोजणी घरात आणण्याचे कारण नाही. आज किती अक्षरे आली हे शाळेला विचारावे लागते. घराला ते न विचारण्याची मुभा आहे, आणि मुलाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत ती मुभा वापरणारी जागा घराखेरीज दुसरी नाही.