रेषेवरची खाच

इंग्लंडमध्ये सफोकच्या किनाऱ्यावर बॉड्सी येथे रडारचे संग्रहालय आहे. मी तेथे गेलो तो एका नाटकाच्या लोभाने. १९३७ साली हे केंद्र हवाई दलाच्या हाती आले. १९४० च्या उन्हाळ्यात येथे तरुण मुली पाळीपाळीने पडद्यासमोर बसत. पडद्यावर एक आडवी रेषा. विमाने येऊ लागली की तिच्यात खाच पडे. तिच्या थरथरीवरून विमाने किती याचा अदमास घ्यायचा आणि टेलिफोनवर सांगायचे. पुढचे काम लढाऊ विमानांचे.

माझ्या नायिकेला मी दुसऱ्या अंकात रडवणार होतो. त्या खाचेत जर्मन पोरे बसली आहेत, हे तिला कळावे म्हणून! पण त्या जाड भिंतींआड उभा राहिलो आणि वाटले, हा हट्ट कोणाचा? रडारची नजर समुद्राकडे. तिच्या पाठीशी लंडन, कदाचित तिची आईही. पश्चात्ताप मला परवडतो. माझ्यावर कोणी बॉम्ब टाकीत नाही.

तरीही खाचेत माणसे होती, हे काही खोटे नव्हे.

घरी येऊन तिचे रडणे खोडले. आता ती आकडा सांगते, थोडी थांबते, आणि पुन्हा रेषेकडे पाहू लागते.